घरचं हवेचं मीटर, न्यूकासल: शेगड्यांच्या धुराला चार स्टार, कोळशाच्या धुळीला दीड

आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना निकालच हवाय ते मोकळे. घराबाहेर भिंतीवर लावायचं हे छोटं हवेचं मीटर लाकडाच्या शेगड्यांचा धूर किंवा बुशफायरचा धूर कळायला घ्या, चांगलं चालतं. पण न्यूकासलला राहता आणि कोळशाच्या धुळीसाठी घ्यायचं डोक्यात असेल तर पैसे वाचवा. आणि आधीच घेतलं असेल तर "आमच्याकडे तर कायम हिरवंच असतं, कोळसा-बिळसा काही नाही" असं प्लीज कुठल्या मीटिंगमधे उठून बोलू नका, का ते खाली लिहिलंय. लांबलंय जरा.

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. हे डबे उघडले ना तर आत बहुतेकांच्या तोच तो काडेपेटीपेक्षा थोडा मोठा लेझर सेन्सर असतो, एक इवलासा पंखा, आणि वाय-फायची चिप. वरचं प्लास्टिक आणि ॲप प्रत्येकाचं वेगळं. त्यामुळे मी जे लिहितेय ते दोनशे-तीनशे डॉलरच्या जवळजवळ सगळ्याच मीटरना लागू पडेल, एकाच कंपनीला झोडून काय उपयोग.

आता आम्ही कुठे राहतो ते. मेफिल्डमधे, भाड्याने. ज्यांना न्यूकासल फक्त फुटबॉलच्या बातमीतून माहितीये त्यांच्यासाठी, हे ऑस्ट्रेलियातलं न्यूकासल, सिडनीच्या उत्तरेला गाडीने दोन-अडीच तास, आणि हे जगातलं सगळ्यात मोठं कोळसा निर्यात करणारं बंदर आहे. वर्षाला साधारण १५ कोटी टन कोळसा इथून बोटीत भरला जातो. कॅरिंग्टनला एक टर्मिनल आणि समोर कूरागँग बेटावर दोन. कोळसा येतो हंटर व्हॅलीतून, सिंगलटन, मसलब्रुक त्या बाजूच्या उघड्या खाणींतून, ट्रेनने. एकेक ट्रेन जवळपास दीड किलोमीटर लांब आणि वाघिणी वरून उघड्या. दिवसरात्र चालू. एखाद्या रेल्वे फाटकापाशी अडकलात तर सगळे मेसेज वाचून होतात तरी ती ट्रेन संपत नाही.

गंमत म्हणजे इथला कोळसा आपल्याकडे यायला लागला त्याला दोनशे वर्षं उलटून गेली. १७९७ ला शॉर्टलंड नावाच्या लेफ्टनंटला नदीच्या मुखाशी कोळसा दिसला (आवाबाकल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांना तो आधीपासून माहिती होताच, पण "शोध" गोऱ्याने लावला की तारीख पडते) आणि दोनच वर्षांनी, १७९९ मधे, इथला कोळसा बोटीने बंगालला गेला. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्यावहिल्या निर्यात मालांपैकी एक. आमचे व्हिसा खूप नंतरचे.

तर घेतलं का? खिडकीच्या कट्ट्यामुळे. पुसा, चार दिवसांनी बोट फिरवा, बोट काळं. दोरीवर पांढरी चादर घातली की काळे ठिपके. शेजारी एक आजोबा राहतात, बीएचपीच्या स्टील कारखान्यात आयुष्य गेलेलं, तो कारखाना १९१५ ते १९९९ इथेच मेफिल्डला होता. मी धुळीबद्दल काही बोलले की ते हसतात, म्हणतात पोरी, तू तेव्हा यायला हवं होतंस, तेव्हा आम्ही चादरी वाळतच घालायचो नाही. त्यांच्या दृष्टीने आत्ताची हवा म्हणजे हिल स्टेशन. पण त्यांची बायको दर आठवड्याला खिडक्या पुसते आणि ते फडकं मला दाखवते, काही न बोलता. मला नक्की काय ते कळायला हवं होतं, आणि ऑनलाईन बघितलं तर हे मीटर, ॲपवर छान रंगीत आकडा, पीएम २.५, पीएम १० (हवेतले अडीच आणि दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सगळं लाईव्ह. मागवलं.

बसवणं सोपं. दोन स्क्रू, एक वायर, बाहेर सॉकेट हवा. सावलीत लावा, बार्बेक्यूपासून आणि ड्रायरच्या पाइपपासून लांब लावा (हे पाकिटावर लिहिलेलं नसतं). ॲप ठीकठाक, वाय-फाय गेलं की मधला डेटा गेला, साठवून ठेवत नाही, हा मोठा वैताग आहे. आणि कोळी! ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, त्या पंख्याच्या भोकात बारीक कोळी घर करतो आणि मग रीडिंग अचानक चारशे-पाचशे दाखवतं. मला वाटलं कुठे आग लागली. नवरा स्ट्रॉ घेऊन फुंकर मारून आला, रीडिंग सहा.

आता खरा विषय.

जून-जुलैमधे, म्हणजे इथल्या थंडीत, संध्याकाळी सात-आठनंतर मीटर जिवंत होतं. आसपासच्या जुन्या घरांमधे लाकडाच्या शेगड्या आहेत, वारा पडला की धूर खालीच बसतो आणि पीएम २.५ चा आकडा पाचावरून तीस-चाळीसवर जातो, कधी त्याच्याही वर. अगदी कुठल्या घराची शेगडी पेटली तेही अंदाजाने सांगता येतं. शेजारच्यांनी सॉसेज भाजले तरी कळतं. बुशफायरचा धूर आला तेव्हा तर सरकारी आकड्याच्या आधी आमच्या मीटरने सांगितलं, कारण सरकारी आकडा तासाच्या सरासरीचा असतो. मुलीला दम्याचा पंप लागतो, त्यामुळे खिडक्या कधी बंद करायच्या हे ठरवायला हे मीटर खरंच कामाला येतं, ह्यात वादच नाही.

आणि कोळशाची ट्रेन? मी मीटरचा आलेख उघडून लाईनच्या बाजूला तोंड करून बसलेय. चार-चार इंजिनं धडधडत गेली, मागून भरलेल्या वाघिणी, मीटर चार, पाच, चार. रिकामी ट्रेन खडखडत परत गेली, मीटर पाच. उन्हाळ्यात पश्चिमेचा कोरडा गरम वारा सुटतो, डोळ्यात कचरा जातो, दात कचकच करतात, मीटर म्हणतं सात, हिरवं, मस्त हवा, फिरायला जा.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की मग नसेलच कोळसा. तो इंजिनियर आहे, आकडा दिसला की त्याचं समाधान होतं. मग मी वाचायला बसले आणि ह्या मीटरची गोम कळली.

ह्यातला लेझर धूळ मोजत नाही, धुळीवरून उडालेला प्रकाश मोजतो. पंखा हवा ओढतो, कण लेझरसमोरून जातो, प्रकाश विखुरतो, त्यावरून कणांची संख्या, आणि संख्येवरून एक ठराविक घनता गृहीत धरून वजन काढलं जातं. धुराचे कण एकदम बारीक, एक मायक्रॉनच्याही खाली, ते ह्याला छान दिसतात. पण खाणीतली, वाघिणीवरून उडालेली, ढिगाऱ्यावरची धूळ ही दळलेल्या दगडासारखी जाडी असते, बहुतेक वजन अडीच मायक्रॉनच्या वरच्या कणांत. ते जड कण एक तर ह्या इवल्या पंख्याने नीट आत ओढलेच जात नाहीत, आणि गेले तरी सेन्सरला नीट मोजता येत नाहीत. मग ॲपवर जो पीएम १० चा आकडा येतो तो काय असतो? तो पीएम २.५ वरूनच फुगवून काढलेला अंदाज असतो! म्हणूनच माझे दोन्ही आकडे कायम एकमेकांचा हात धरून वर-खाली जातात. त्यात कोळसा काळा, काळी वस्तू प्रकाश फेकते कमी आणि गिळते जास्त, म्हणजे आणखीच कमी दिसणार. थोडक्यात ताप मोजायला बीपीचं मशीन लावल्यासारखं आहे हे, मशीन चांगलंय, काम वेगळंय.

सरकारी स्टेशनांत काय असतं ते बघा. पीएम १० ला एक यंत्र असतं ज्यात बारीक नळीच्या टोकाला फिल्टर आणि ती नळी सतत थरथरत असते, फिल्टरवर धूळ बसली की वजन वाढतं आणि थरथर मंदावते, त्यावरून वजन. पीएम २.५ ला टेपवर धूळ गोळा करून त्यातून बीटा किरण सोडतात. दोन्ही प्रकारांत खरोखर धूळ पकडून मोजतात. महाग, एअर कंडिशन्ड खोलीत ठेवलेली, नियमित तपासणी होणारी यंत्रं. अशी स्टेशनं मेफिल्ड, कॅरिंग्टन आणि स्टॉकटनला २०१४ पासून आहेत, उद्योगांच्या पैशातून पण ईपीएच्या (राज्याचं प्रदूषणावर लक्ष ठेवणारं खातं) देखरेखीखाली, शिवाय न्यूकासल, वॉल्सेंड, बेरेसफील्डची जुनी आहेतच. वर खाणींच्या भागात सिंगलटन, कॅम्बरवेल, मसलब्रुक धरून आणखी १४. आकडे दर तासाला वेबसाईटवर, फुकट. माझ्या अडीचशे डॉलरमधे जे मिळत नाही ते तिथे आधीच आहे, आणि हे कोणी आपणहून दिलेलं नाही, लोकांनी वर्षानुवर्षं मागून मागून घेतलंय.

ती मागणी कशी झाली हे जरा वाचण्यासारखं आहे, इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना फारसं माहिती नसतं, आपण येतो, हॉस्पिटलात नाहीतर युनिव्हर्सिटीत नोकरी करतो, वीकेंडला नॉबीज बीचला जातो आणि क्षितिजावर रांगेत उभ्या बोटींचे फोटो काढतो. त्या कोळशाला थांबलेल्या बोटी. २००७ च्या जूनमधे वादळात त्यातलीच एक, पाशा बल्कर, थेट नॉबीजच्या वाळूवर येऊन अडकली होती.

साधारण दहा-पंधरा वर्षांपूर्वी चौथं टर्मिनल यायचं होतं, टी-फोर, आणखी ७ कोटी टन वर्षाला. म्हणजे तेवढ्या ट्रेन आणखी, त्याच वस्त्यांतून. लोक उभे राहिले. वेगवेगळ्या मोहल्ल्यांच्या संघटना एकत्र आल्या, आणि त्यांनी सगळ्यात हुशारीचं काय केलं तर वर्गणी काढून मोजमाप करायला सुरुवात केली. लाईनच्या कडेला यंत्रं ठेवून ट्रेन जाताना धूळ किती वाढते ते २०१३ मधे त्यांनी स्वतः मोजलं, कारण रेल्वेवाल्यांचं म्हणणं होतं वाढत नाही. रेल्वेच्या ट्रॅक कॉर्पोरेशनने मेटफर्डला स्वतःचा अभ्यास केला होता, त्या अभ्यासावर इतकी टीका झाली की ईपीएने तोच डेटा एका संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेकडून पुन्हा तपासून घेतला. तिच्या तपासणीत निघालं की मालगाडी किंवा कोळशाची गाडी जाते तेव्हा धुळीचे कण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. आणि भरलेली असो की रिकामी, फार फरक नाही! म्हणजे फक्त वाघिणीवरून उडतोय असं नाही, रुळांत आधीच पडून राहिलेली धूळ ट्रेनच्या वाऱ्याने परत उडते, त्यात डिझेलचा धूर. आता बघा, ह्यात दोन्ही बाजूंना आपापलं हवं ते सापडलं. उद्योगवाले म्हणाले बघा, कोळसाच असं नाही. लोक म्हणाले अहो पण वाढतं ना, आणि रुळांत ती धूळ टाकली कोणी?

१० टक्के म्हटल्यावर माझ्या मीटरकडून ते कळणं सोडूनच द्या. पाचाचं साडेपाच. त्याची स्वतःची चूकच त्यापेक्षा मोठी असते.

वाघिणींवर झाकणं घाला ही मागणी तेव्हापासूनची. २०१३ मधे ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या समितीने हवेचा आरोग्यावर काय परिणाम होतो ह्यावर चौकशी केली आणि शिफारशीत स्पष्ट लिहिलं की कोळशाच्या वाघिणी झाकायला लावा. वाघिणी उघड्याच आहेत. उद्योगाचं म्हणणं कोळसा धुतलेला, ओलसर असतो, आणि टर्मिनलवर ढिगाऱ्यांवर फवारे मारतात. फवारे मारतात हे खरंय, कूरागँगच्या बाजूने गेलात तर दिसतात. टी-फोरला २०१५ मधे मंजुरीही मिळाली होती, पण २०१८ मधे कंपनीनेच तो गुंडाळला, आहे ती क्षमताच पूर्ण वापरली जात नव्हती. लोकांनी लांबवत नेलेली वर्षं इथे कामी आली असं माझं मत, कंपनी अर्थातच बाजाराचं कारण सांगते.

खिडकीच्या कट्ट्याचं उत्तर मात्र मीटरने नाही, २०१६ च्या ईपीएच्या अभ्यासाने दिलं. त्यांनी लोअर हंटरमधे घरांच्या आसपास १२ ठिकाणी पडणारी धूळ गोळा केली आणि प्रयोगशाळेत तपासली. सगळ्यात जास्त निघाली माती आणि दगडाची, सरासरी ६९ टक्के. कोळसा सरासरी १० टक्के, कुठे शून्य तर कुठे २५ पर्यंत. टायरचं रबरही निघालं. म्हणजे काळं दिसलं की सगळं कोळसाच असं नाही, हे मला मान्य करावं लागलं, आणि शेजारच्या फडकंवाल्या काकूंना ते पटलेलं नाही. पण २५ टक्के म्हणजे किती हो? चमचाभर धुळीत पाव चमचा कोळसा, तोही जिथे कुणीही कोळसा जाळत नाही अशा घराच्या कट्ट्यावर. "फक्त" दहा टक्के म्हणणाऱ्यांनी स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर तेवढा ठेवून बघावा.

ह्यासाठी वापरलेलं साधन काय माहितीये? बाटलीवर फनेल. महिनाभर उघड्यावर ठेवायची, जमलेलं गाळून वजन करायचं, आणि लॅबला द्यायची. ना वाय-फाय ना ॲप. तुम्हाला खरोखर कोळशाचंच बघायचं असेल तर चार शेजाऱ्यांनी मिळून लॅबचा खर्च वाटून घेणं हे चार मीटरपेक्षा शंभर पटीने उपयोगाचं आहे, कारण मीटर धूळ किती ते (अर्धवट) सांगतं, कोणाची ते कधीच सांगत नाही.

कोणाची ह्यावरून स्टॉकटन. बंदराच्या पलीकडे, समुद्र आणि कूरागँग ह्यांच्या मधे. तिथे आमचे एक मित्र राहतात, त्यांनीही माझं बघून हेच मीटर घेतलं, आणि दमट सकाळी त्यांचं मीटर लालबुंद. झालं असं की समुद्राच्या मिठाचे कण ओलावा ओढून फुगतात आणि लेझरला ते मोठे दिसतात, शिवाय धुक्याचे थेंबही मोजले जातात. ते बिचारे मुलांना घरात कोंडून बसले होते धुक्यापायी! पण स्टॉकटनचं खरं गाऱ्हाणंही आहे. २०१६ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात, ज्यात सीएसआयआरओ (ऑस्ट्रेलियाची सरकारी विज्ञान संस्था) वगैरे होते, स्टॉकटनच्या बारीक कणांत अमोनियम नायट्रेटचा चांगला मोठा वाटा निघाला, थंडीत जास्तच. समोरच्या कूरागँग बेटावर खाणींसाठी स्फोटकांचा माल बनवणारा कारखाना आहे, ओरिका, तो तिथून येतो. त्याच कारखान्यातून २०११ च्या ऑगस्टमधे क्रोमियम सहा (क्रोमियमचा विषारी प्रकार) स्टॉकटनवर उडालं होतं, आणि लोकांना कळवायला उशीर केला म्हणून मोठा गदारोळ झाला. म्हणजे कोळसा बाहेर काढायला लागणारी स्फोटकं पण इथेच बनतात आणि निघालेला कोळसा पण इथूनच जातो.

रंगांबद्दल एक सूचना, ह्याच्यावरून आमच्या मराठी ग्रुपवर भांडणं झालीत. मीटरचं ॲप बहुतेक वेळा अमेरिकन एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक) दाखवतं. समजा घनमीटरभर हवेत पीएम २.५ आहे २० मायक्रोग्रॅम. अमेरिकन हिशोबाने एक्यूआय सत्तरच्या आसपास, पिवळं. न्यू साउथ वेल्सच्या, म्हणजे आमच्या राज्याच्या वेबसाईटवर तासाचा आकडा २५ च्या खाली म्हणून "गुड", हिरवं. भारताच्या हिशोबाने तर एकदम छान, तीस-पस्तीस, कारण आपल्याकडे दिवसाची मर्यादाच ६० आहे. डब्ल्यूएचओ २०२१ पासून म्हणते दिवसाला १५ च्या वर नको. हवा तीच, फुफ्फुसं तीच. सेटिंगमधे जाऊन एक्यूआय बंद करा आणि सरळ मायक्रोग्रॅम लावून ठेवा, तो ऑप्शन बऱ्याच ॲपमधे लपवून ठेवलेला असतो.

आणि "गुड" दिसलं म्हणजे शरीराला काहीच होत नाही असं डॉक्टर म्हणत नाहीत. बारीक कण रक्तात उतरतात, हृदयाला, फुफ्फुसांना त्रास, आणि अमुक आकड्याच्या खाली एकदम सेफ अशी रेघ सापडलेली नाही. जाडी धूळ बहुतेक नाका-घशात, श्वासनळीत अडकते, दमा असलेल्यांना तीच भोवते. माझ्या मुलीला मीटर हिरवं असताना वाऱ्याच्या दिवशी खोकला येतो, आणि मीटर पिवळं असताना कधी कधी काहीच होत नाही. कोळशामुळेच असं मी म्हणणार नाही, परागकणही असतील. पण मीटर बघून तिला "तुला काही होत नाहीये" म्हणणं मी बंद केलंय.

सासूबाई वास्कोला राहतात. त्यांना व्हिडिओवर मीटर दाखवलं तर म्हणाल्या, "मला पण एक पाठव गो, आमच्या इथे बाल्कनीत चटई घालायची सोय नाही." वास्को म्हणजे ह्या धंद्याचं दुसरं टोक. इथून निघतो, तिथल्या मुरगाव बंदरात उतरतो. म्हणजे तिथे उतरणारा बराचसा स्टीलसाठीचा कोकिंग कोल, जो ऑस्ट्रेलियातून येतो तो मुख्यतः क्वीन्सलंडच्या बंदरांतून, न्यूकासलचा जास्तकरून वीज बनवायचा, जपान, कोरिया, तैवान, चीनला जाणारा, पण देश तोच आणि काळं फडकं तेच. तिथून तो रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या स्टील कारखान्यांना जातो. २०१७ च्या कोळशाच्या जनसुनावण्यांत आणि २०२० च्या नोव्हेंबरमधे कोळशाविरुद्ध चांदरला रात्रभर रुळांवर बसलेल्या लोकांत सासूबाईंच्या ओळखीचे कितीतरी होते. सासूबाईंना मी म्हटलं, आई, हे मीटर तिथे लावलंत तर रस्त्यावरचा धूर आणि कचरा जाळलेला दाखवेल, कोळसा नाही दाखवणार, आणि मग कोणीतरी तुमचाच आकडा तुमच्या तोंडावर मारेल. त्या म्हणाल्या मग नको बाई. त्यांना कळलं, नवऱ्याला समजवायला मला महिना लागला.

हा तोंडावर मारायचा प्रकार खरा आहे हां. आमच्या भागातल्या एका बैठकीत एक गृहस्थ मोबाईल वर करून सगळ्यांना हिरवा आकडा दाखवत होते, की बघा लाईव्ह आहे, उगाच बोंब मारू नका. चांगला माणूस, पोटापाण्यासाठी खाणीवर अवलंबून असलेली अर्धी व्हॅली आहे, त्यांची भीती मला कळते. पण त्यांच्या हातातलं यंत्र त्या प्रश्नासाठी आंधळं होतं आणि हे खोलीत कुणालाच सांगता आलं नाही.

एक गोष्ट तर कुठलंच मीटर मोजत नाही. इथून गेलेला एक टन कोळसा तिकडे जळला की अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साईड, आणि तो हिशोब ऑस्ट्रेलियाच्या वहीत नाही, जाळणाऱ्याच्या वहीत. त्यासाठी रायझिंग टाइडवाले (हवामानासाठी आंदोलन करणारा गट) दर नोव्हेंबरमधे कयाक घेऊन बंदराच्या तोंडात उतरतात. २०२३ ला ३० तास बोटी अडवल्या, परवानगीची वेळ संपल्यावरही पाण्यात थांबले म्हणून १०९ जणांना अटक, त्यात एक ९७ वर्षांचे धर्मगुरू. पुढच्या वर्षी १७०. आम्ही किनाऱ्यावर बसून बघितलं, व्हिसावाल्यांनी पाण्यात उतरू नये हे शहाणपण आहे की भित्रेपणा ते तुम्ही ठरवा. धुळीसाठी भांडणारे आणि हवामानासाठी भांडणारे हे सगळे एकच लोक नाहीत, हे तिथे कळलं. आमच्या काकू म्हणतात कोळसा जाऊ दे हो, फक्त झाकून न्या. कयाकवाली पोरं म्हणतात जाऊच नये.

तर रेटिंग. धूर ओळखणे: पाचपैकी चार. जाडी धूळ: दीड, तो अर्धा पण पंखा शांत आहे म्हणून. ॲप: अडीच. टिकाऊपणा: सेन्सर दोन-तीन वर्षांत मंदावतो असं कंपन्याच म्हणतात, बदलायचा भाग मिळतो का ते घ्यायच्या आधी विचारा, माझ्या विक्रेत्याने दोन ईमेलना उत्तर दिलेलं नाही.

कोळशासाठी काय करायचं असेल तर सरकारी वेबसाईटवर मेफिल्ड, कॅरिंग्टन नाहीतर स्टॉकटन, तुमच्या जवळचं स्टेशन उघडा, पीएम २.५ नाही, पीएम १० बघा, आणि सोबत वाऱ्याची दिशा बघा. टर्मिनलच्या बाजूचा वारा आणि पीएम १० एकटाच वर, असं दिसलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. डोळ्यांदेखत ढिगाऱ्यावरून धूळ उठताना दिसली तर ईपीएच्या १३१ ५५५ वर फोन करा, वेळ आणि जागा नीट सांगा, तक्रार नंबर मागून घ्या. घरात दमेकरी असेल तर मीटरऐवजी तेच पैसे हेपा (बारीक कणही अडवणाऱ्या) फिल्टरच्या प्युरिफायरमधे घाला, त्याची पुढची जाळी जाडी धूळ अडवते, आणि ती जाळी धुता येणारी आहे ना ते बघा. आमची धुता येते, दर पंधरा दिवसांनी बादलीत बुडवते, पाणी काळं होतं. दहा टक्के कोळसा, बाकी माती, मला आता पाठ आहे.